मावशीच्या हाताला पावडर नव्हती

आधी मावशीचं सांगते. काय झालं ते नंतर. नाहीतर त्या झालेल्या गोष्टीत मावशी पुन्हा मागं पडेल, आणि ती एकदा पडलेली आहे, माझ्यामुळं.

मावशी माझ्या नात्यातली नाही. पेणला आम्ही ज्या चाळीत भाड्यानं राहायचो, तिथं भिंतीपलीकडच्या खोलीत ती एकटी राहायची. खाडीकडच्या मिठागरात राबलेल्या घरातली बाई. लहानपणापासून खाऱ्या पाण्यात उभं राहून तिच्या टाचा कायमच्या चिरलेल्या होत्या. पुढं गणपतीच्या कारखान्यात लागली ती तिथलीच झाली. आधी घासकाम, मग रंगकाम, मग आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे आणि भुवया काढायचं काम. ते सगळ्यांना देत नाहीत. तीन फुटी गणपतीसमोर ती पाटावर बसायची, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायची आणि ब्रश एकदाच फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवलेला मी कधी बघितला नाही.

मी परभणीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आठवी दुसऱ्या गावाला होती आणि घरी दोन भाऊ कडेवरचे होते. लग्न झालं, नवरा डोलवीला ठेकेदाराकडं कामाला लागला आणि त्याच्यामागं मी पेणला आले. मला कारखान्यात मावशीनंच लावलं. मला घासकाम. साच्यातून निघालेली मूर्ती काचपेपरनं गुळगुळीत करायची आणि जुन्या मऊ फडक्यानं पुसून रंगाला पुढं द्यायची. प्लास्टरच्या पावडरीनं दिवसभरात भुवया पांढऱ्या व्हायच्या. मावशी म्हणायची, "घरी जाऊन तोंड धू गो, नायतर नवरा म्हणंल, बायको गेली न सासू आली."

आता झालं ते.

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना तिला निमोनिया झाला. पेणच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. तिथं ती महिन्यावर मशीनच्या श्वासावर होती. जगली. पण तोंडातली नळी काढली की तिला श्वास घेता येईना. आतून श्वासनळी अरुंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, गळ्याला खालच्या बाजूला छिद्र करून तिथं छोटी नळी बसवावी लागेल, श्वास तिथूनच घेईल. नवऱ्यानं विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "वर्ष, दोन वर्षं. वाढ होईल तसं बघू." नवऱ्यानं सही केली. मी पण केली. काय लिहिलंय ते दोघांनाही वाचता आलं नाही, इंग्रजीत होतं.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली आणि रडली. तोंड उघडलेलं, डोळ्यांतून पाणी, छाती हलतेय, आणि आवाज काहीच नाही. नळीतून नुसता फुसफुस वारा. हवा गळ्यातूनच बाहेर पडते म्हणून आवाज येत नाही, असं सिस्टरनं समजावलं. मी ऐकलं, मान हलवली आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले. आईनं अशा वेळी लेकराजवळ बसायचं असतं. मी जिन्यात बसले होते. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी सोडण्याआधी आईला सक्शन यायला पाहिजे, असा तिथला नियम होता. नळीत कफ साठतो. लेकरू स्वतः तो थुंकू शकत नाही. मग मशीनला जोडलेली एक बारीक नळी गळ्यातल्या नळीत घालून तो ओढून काढायचा. चिमटीत दाबून आत घालायची, मग चिमूट सोडून फिरवत बाहेर आणायची, सगळं दहा मोजायच्या आत. सिस्टर म्हणाली, तीन वेळा नीट करून दाखवा, मग जा. पहिल्या वेळी माझा हात इतका थरथरला की तिनं नळी काढून घेतली. दुसऱ्या वेळी मुलगी खोकली, कफ माझ्या मनगटावर उडाला आणि मला उलटीचा उमासा आला. स्वतःच्या लेकराचा कफ. तिसऱ्या वेळी सिस्टरला कुणीतरी हाक मारली आणि ती वळली, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईनं माझं मनगट धरून काम करून टाकलं. सिस्टर परत आली, बाटलीत कफ बघितला, म्हणाली, "आलं ना?"

"आलं," मी म्हणाले.

तिनं कागदावर खूण केली. आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर कळलं की आता घर आपलं राहिलेलं नाही, ते नळीचं झालं आहे. स्टोव्ह बंद, गॅसवर फोडणी द्यायची तर दार उघडं. उदबत्ती नाही. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. अंघोळ घालताना पाणी कंबरेच्या वर जाऊ द्यायचं नाही. गळ्यामागं बांधलेल्या पट्टीत एक बोट जाईल एवढीच ढील. नळीवर हॉस्पिटलनं दिलेली जाळीच ठेवायची, दुसरं कुठलंही कापड नाही. डोक्याशी एक जादा नळी कायम तयार, गळ्यातली कफानं तुंबली तर बदलायला. आणि रडणं ऐकू येत नाही म्हणून तिच्या दोन्ही पायांत घुंगरांचे पैंजण. ते मावशीनं बाजारातून आणले. मी भांडी घासत असले तरी घुंगरं वाजली की कळायचं, पोर जागी आहे. वाजायची थांबली की हातातलं टाकून पळायचं.

सक्शन नवरा करायचा. तो असला की मी मशीनच्या बटणाजवळ उभी. तो शिफ्टला गेला की मावशी.

मावशी कशी शिकली ते सांगते. पहिले तीन दिवस ती नुसती आमच्या उंबऱ्यावर बसून नवऱ्याचे हात बघत होती. चौथ्या दिवशी तिनं मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, हवेत वाळवले आणि नवऱ्याला म्हणाली, "दे इकरं. तू बघ, चुकला तर सांग." चुकलं नाही. तिनं करंगळी मुलीच्या हनुवटीखाली टेकवली, जशी मूर्तीच्या गालाला टेकवते तशी, आणि नळी आत घातली. नवरा माझ्याकडं बघून हसला. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. माझ्याही.

पुढं नळी बदलायची पण त्यानं तिला दाखवली. आठवड्याला एकदा तो बदलायचा, ती डोकं धरायची. एकदा त्याच्यासमोर तिनं बदलली.

मला ती रोज म्हणायची, "ये गो, आज तू कर. मी हाय ना इथं."

मी म्हणायची, "उद्या करते, मावशी."

"तुझी उद्या कवा उगवनार हाय?"

कारखाना आमच्या गल्लीच्या तोंडालाच. मी फोन लावायची, ती ब्रश ठेवून यायची, हात धुवायची, करायची, परत जायची. दिवसात तीनदा, कधी पाचदा. मालक कुरकुरला तर त्याला म्हणाली, "बाप्पाचे डोळे घटकाभर थांबतील." मी दारात उभी राहून तिची वाट बघायची आणि तिचे चिरलेले पाय गल्लीत दिसले की मला बरं वाटायचं. घाबरणं वेगळं. मी घाबरायची हे खरं, पण आपल्यावर येत नाही याचा मला आनंदही व्हायचा.

लोकांचं बघणं मला सोसायचं नाही. बाजारात भाजीवालीनं विचारलं, "हिच्या गल्याला काय लावलाय?" एका लहान मुलानं आपल्या आईला सांगितलं, "हिला नळ हाय." आई हसली, मग माझ्याकडं बघून गप्प झाली. नवरा म्हणायचा, "बघू दे की. चोरी केलीय का आपण." पण मला वाटायचं, केलीय. आपलं लेकरू धड ठेवता आलं नाही ती चोरीच. मी तिला बाहेर नेणं बंद केलं. न्यावंच लागलं तर पदराखाली.

मग एके दिवशी दिराचा फोन आला. तो आणि जाऊ पनवेलला लग्नाला येणार होते, तिथून पेणला येऊन लेकराला बघून जाणार होते. माझी जाऊ चार वर्ग जास्त शिकलेली, तिची दोन मुलं गुटगुटीत. गावाकडं आम्ही सांगितलं होतं, घशाचं लहान ऑपरेशन झालंय. नळीचं सांगितलं नव्हतं.

कारखान्यातल्या बायका जुनी फडकी घरी नेतात. मूर्ती पुसून पुसून ती इतकी मऊ होतात की तान्ह्या लेकरांना लंगोट करतात. मीही काम सोडण्याआधी एक गठ्ठा आणला होता. त्यातलं एक मलमलचं मी तीनदा धुतलं, वाळवलं, दुहेरी केलं, कडेला जुन्या साडीची लेस लावली आणि मुलीच्या गळ्याला कॉलरसारखं बांधायचं केलं. छान झालं होतं. आत नळी आहे हे कळत नव्हतं. मावशीनं दोरीवर बघितलं.

"ह्यो कारखान्यातला हाय ना? नको गो वापरू. कितीबी धू, त्यातली पावडर जात नाय."

"तीनदा धुतलंय, मावशी."

"धा वेळा धू. झटकून बघ."

ती गेल्यावर मी झटकून बघितलं. दारातून ऊन येत होतं. उन्हात बारीक पांढरं उडालं. मी ते बघितलं. मला दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय, आम्ही तर दिवसभर हेच खातो. आणि दोन तासांचा तर प्रश्न आहे.

दीर-जाऊ अकराला आले. नवऱ्याची त्या आठवड्यात दुपारची शिफ्ट होती, कॉलर बघून त्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, नवं कापड आहे, पाहुणे गेले की काढते; तो जेवून दीडला गेला. जाऊ म्हणाली, "कॉलर लईच सुंदर शिवलीस गं. लेकरू बोलत का न्हाई पण?" मी म्हणाले, "घसा बसलाय." मुलगी जावेच्या मांडीवर बसून पैंजण वाजवत होती. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. सांगायला नको, पण त्या सगळ्या महिन्यांतला तो माझा सगळ्यात आनंदाचा दिवस होता.

ते तीनला गेले. मी कॉलर काढायला पाहिजे होती. शेजारच्या दोघी आल्या, मग चहा केला, त्यांच्यासमोर कशाला काढा म्हणून राहिली. मुलगी चटईवर झोपली. मी मोरीत भांडी घेऊन बसले.

घुंगरं वाजली, पण नेहमीसारखी नाही. भराभरा, एकसारखी. वळून बघितलं तर ती टाचा जमिनीवर आपटत होती. ओठ निळे. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. कॉलरच्या आत हात घातला तर वारा येतच नव्हता.

मशीन शेजारीच होतं. बारीक नळी पाकिटात तयार होती. मी पाकीट हातात घेतलं आणि मला ते फोडता येईना. मी फोन लावला.

मावशी अनवाणी पळत आली. आल्या आल्या तिनं पोरीकडं एकदा बघितलं आणि मोरीत गेली. साबण घेतला. हात धुतले, कोपरापर्यंत, रोजच्यासारखे. मी किंचाळत होते, "राहू द्या ना ते हात." ती म्हणाली, "मशीन लाव तू." हात धुवायला तिला किती वेळ लागला असेल, पंधरा श्वास. मला ते सगळे आठवतात.

तिनं कॉलरची गाठ सोडली, कापड बाजूला फेकलं. सलाइनचे दोन थेंब टाकले, बारीक नळी आत घातली. जाईना. पुन्हा घातली. आत काहीतरी घट्ट बसलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. म्हणाली, "डोका धर. हलवू नको." मी धरलं. तिनं पट्टी कापली, करंगळी हनुवटीखाली टेकवली, तुंबलेली नळी बाहेर काढली आणि जादाची आत बसवली. एकदाच. मुलगी खोकली आणि तिच्या छातीत वारा शिरला. ओठ हळूहळू माणसाच्या रंगाचे झाले.

मावशी भिंतीला टेकून बसली. तेव्हा मात्र तिचे हात थरथरायला लागले. मी ते बघितलं आणि तरी तिला पाणी दिलं नाही. माझं लक्ष त्या कापडाकडं होतं. मी ते उचललं आणि मोरीतल्या बादलीत, ओल्या कपड्यांच्या तळाशी घातलं.

नवऱ्याला फोन केला होता. तो कुणाची तरी गाडी मागून साडेपाचला आला. मुलीला छातीशी धरलं, मग वाटीत ठेवलेली जुनी नळी उजेडात धरून बघितली. आतल्या कफाची खपली झालेली आणि तिच्यात पांढरे कण. त्याला कारखान्याची पावडर ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या केसांत त्यानं ती दोन वर्षं बघितली होती.

"ही पावडर कुठून आली?"

मी बादलीला पाठ करून उभी राहिले.

"सक्शन कोण करतंय दिवसा? मावशीच ना? कारखान्यातून तशीच उठून येती. तिच्या हाताची असंल ही."

मावशी तेव्हा दारातच उभी होती. कामावर राहिलेली चप्पल घेऊन परतली होती.

मी म्हणाले, "असंल."

एवढंच म्हणाले. एक शब्द. त्या शब्दाला किती माणसं बळी पडू शकतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. पण माहीत होतं. मावशी माझ्याकडं बघत होती. कापडाची गाठ तिनं स्वतःच्या हातांनी सोडली होती. दोरीवर तिनंच ते ओळखलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं. ती बोलेल म्हणून मी जमिनीकडं बघत राहिले.

नवरा म्हणाला, "मावशी, तुमचे उपकार हायेत. पण आता लेकराला हात लावू नका. आमचं आम्ही बघू."

"बरा हाय," मावशी म्हणाली. "नाय लावनार." आणि चप्पल न घालता, हातातच घेऊन, आपल्या खोलीत गेली.

मुंबईला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, नळी त्या क्षणी बदलली म्हणून मूल वाचलं. "कुणी बदलली?" नवरा म्हणाला, "शेजारच्या बाईनं." डॉक्टर म्हणाले, "शिकलेली आहे का?" नवरा म्हणाला, "नाही." तरी पावडर तिच्याच हाताची, हे त्याच्या डोक्यात बसलेलं होतं, आणि मी ते तिथं बसू दिलं.

मग मला शिकावं लागलं. दुसरं कुणी नव्हतंच. पहिल्यांदा केलं तेव्हा नवरा कामावर होता, मुलीच्या गळ्यात घरघर वाजत होती आणि मी मोठ्यानं रडत होते. मग हात धुतले. कोपरापर्यंत. करंगळी तिच्या हनुवटीखाली टेकवली तर हात खरंच हलला नाही. कफ आला. मुलगी माझ्याकडं आश्चर्यानं बघत होती, ही पण करते की, अशी. भिंतीपलीकडं मावशीचा टीव्ही बंद झाला होता. मशीन थांबलं आणि थोड्या वेळानं टीव्ही पुन्हा लागला. त्यानंतर रोज तसंच. माझं मशीन सुरू झालं की तिचा टीव्ही गप्प.

चाळीतून गोष्ट कारखान्यात गेली. गोष्ट काय, तर मावशीनं कारखान्याच्या हातानं पोरीची नळी उपसली, पोर मरता मरता वाचली. एकदा नळावर मी रांगेत असताना एकीनं आपलं मूल मावशीपासून ओढून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या पोराला नको लावू गो हात मावशे, टोपण काढशील." बायका हसल्या. मावशी पण हसल्यासारखं करून म्हणाली, "तुझ्या पोराचा टोपण पयलाच उघडा हाय, किती बडबडतो तो." पुन्हा सगळ्या हसल्या.

मीही हसले. लिहिताना वाटतंय की हसले नसेन. पण हसले.

पुढच्या पावसाळ्याआधी नवऱ्याला रोह्याला एका कंपनीत काम मिळालं आणि आम्ही सामान हलवलं. निघताना मी मावशीच्या पाया पडले. चिरलेल्या टाचा हाताला लागल्या. सांगायची वेळ तीच होती. टेम्पोवाला हॉर्न देत होता, मी त्या हॉर्नचा आधार घेतला. मावशीनं मुलीच्या गालाला लांबूनच हात केला, लावला नाही. "जा गो बाय. तुझ्या आयेला तरास देऊ नको."

रोह्यात खोली बरी आहे, धूळ कमी. मी आता मुलीला बाजारात नेते, नळी उघडी असते, वर फक्त हॉस्पिटलची जाळी. कुणी विचारलं तर सांगते. एवढं मला जमतं.

इथं येऊन दोन महिने झाले तेव्हाची गोष्ट. नवरा जेवत होता, मी भाकरी थापत होते. मुलीला काहीतरी हवं होतं आणि मी बघत नव्हते. तिनं हनुवटी खाली दाबली, नळीवर, आणि गळ्यातून आवाज काढला. बारीक, खरखरीत. "ये गो."

आम्ही दोघंही थांबलो. तिनं पुन्हा हनुवटी दाबली. "ये गो. भाकर."

जवळजवळ वर्षानं तिचा आवाज ऐकला. काही मुलं हनुवटीनं नळी झाकून बोलायला शिकतात, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ती मला आई म्हणाली नाही. मावशी मला जशी हाक मारायची तशी तिनं मारली. बिनआवाजाच्या त्या महिन्यांत ती पडल्या पडल्या तेवढंच ऐकत होती.

नवरा हसत सुटला, डोळे पुसत म्हणाला, "बघ की, अगदी मावशीगत."

मी तव्यावरची भाकरी जळू दिली आणि त्याला सांगितलं. कॉलर, फडकं, उन्हात उडालेली पावडर, बादली. सगळं. मावशीनं हात धुतले होते तेही. त्यानं ताट बाजूला सारलं.

"तिला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मी तिच्या तोंडावर तसं बोललो." मग म्हणाला, "तिला बोललीस का तू?"

"न्हाई."

"मग मला कशाला सांगतीस?" तो हात धुऊन बाहेर गेला. रागानं नाही. तो ज्या चेहऱ्यानं गेला त्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याच आठवड्यात मी मुलीला घेऊन, पिशवीत बॅटरीवर चालणारं मशीन घेऊन, रोह्याहून पेणला जायला गाडीत बसले. नागोठणं गेलं. मुलगी खिडकीतून हनुवटी दाबून झाडांना हाका मारत होती. मी मनात वाक्य तयार करत होते. कासू आलं. पुढचं पेण. मला एकदम दिसलं की मी वाक्य पुरं करते आहे आणि मावशी म्हणते आहे, "बरा हाय." त्याच्यापुढं काही दिसेना. मी कासूला उतरले. फलाटावर बाकावर बसून मुलीचं सक्शन केलं, हात थरथरला नाही, आणि उलट्या गाडीनं घरी आले. नवऱ्यानं विचारलं, "भेटली?" मी म्हणाले, "घरी नव्हती." म्हणजे पुन्हा खोटं. दुसऱ्या दिवशी तेही त्याला सांगितलं.

चाळीतल्या एका बाईचा मध्ये फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, मावशीला आता आखणीला बसवत नाहीत, घासकामाला घातलंय. मी विचारलं नाही, का. वय झालं म्हणून असेल. नजर कमी झाली म्हणून असेल. किंवा तिच्या हाताबद्दल जे बोललं गेलं त्यामुळंही असेल. ते तिसरं कारण मला विचारता आलं नाही. ज्या हातामुळं माझं लेकरू श्वास घेतंय त्या हातात आता काचपेपर आहे, एवढं मात्र कळलं.

म्हणून आधी हे लिहिलं. लिहिलेलं मागं घेता येत नाही. तोंडानं बोललेलं मी बरंच मागं घेतलेलं आहे.

मावशी, मी येणार आहे. कधी ते सांगत नाही, कारण माझ्या उद्याची तुला सवय आहे. पण तुझ्या खोलीत येऊन गुपचूप पाया पडून जाणार नाही. दुपारी बायका डबे सोडून बसतात तेव्हा कारखान्यात येईन, मालकाला पण बोलवायला सांगेन, आणि फडकं माझं होतं, पावडर त्याची होती, तुझे हात धुतलेले होते, हे सगळ्यांच्या तोंडावर सांगेन. हसतील त्यांना हसू देईन. नवरा माझ्यासोबत असेल, त्यालाही तुला काही म्हणायचं आहे. आणि त्यानंतर तू आजारी पडशील, किंवा हात चालेनासे होतील, तेव्हा मी रोह्याहून येऊन तुझं करीन, जेवढं माझ्या लेकराचं तू केलंस तेवढं. तू नको म्हणालीस तरी करीन. आता मला येतं.